साइड मिरर हलत नाही? पाना उचलण्याआधी कान लावा

गाडीचा इलेक्ट्रिक साइड मिरर बंद पडला की गॅरेजमध्ये बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: "अख्खा मिरर बदलावा लागेल." कधीकधी ते खरंही असतं. पण मिररच्या पोटात फार काही नसतं, आणि जे असतं ते बिघडताना आपली खूण सोडून जातं. कोणती हालचाल बंद आहे, कोणती चालू आहे आणि बटण दाबल्यावर आवाज येतो की नाही, या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर निम्मं निदान दाराला हात न लावता होतं. ज्यांनी आजवर फ्यूज बॉक्सचं झाकणही उघडलेलं नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

आत काय असतं

काचेच्या मागे तळहाताएवढा प्लास्टिकचा डबा असतो. त्यात दोन छोट्या डीसी मोटरी असतात. एक काच वर-खाली करते, दुसरी आत-बाहेर. दोन मोटरींना चार तारा लागतील असं वाटतं, पण बहुतेक साध्या गाड्यांत तीनच असतात, कारण एक तार दोघींत सामाईक असते. तिला सगळे 'कॉमन' म्हणतात.

दिशा बदलायला वेगळी तार नसते. बटण वर दाबलं की करंट एका दिशेने जातो, खाली दाबलं की त्याच तारांतून उलटा. प्लस-मायनसची अदलाबदल बटणाच्या आतच होते. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे त्यावरच बरंच निदान उभं आहे.

मिरर मिटवणारी मोटर वेगळी, ती खाली बिजागरीपाशी बसते आणि तिच्या दोन तारा वेगळ्या. इंडिकेटर असेल तर आणखी दोन. काही गाड्यांत काच तापवण्याची सोय असते, काहींत कॅमेरा. त्यामुळे कपलरमध्ये (तारा जोडणारा-सोडवणारा प्लास्टिकचा प्लग) आठ-दहा तारा दिसल्या तर घाबरू नका, त्यातल्या तीनच आपल्या कामाच्या.

आधी फुकटातल्या तपासण्या

आमच्या मामांचा एकदा नाशिकहून फोन आला.

"दोन्ही मिरर गेले रे. कालच सर्व्हिसिंग करून आणलीय गाडी."

"मामा, त्या बटणावर डावं-उजवं निवडायचा खटका असतो, तो कुठे आहे?"

"मध्येच आहे की."

"मध्ये असला की दोन्ही बंदच असतात. डावीकडे करा आणि बाण दाबा."

जरा वेळ शांतता. मग फोनमधून मोटरचा बारीक घूंऽऽ आवाज आला. "बरं," मामा म्हणाले, "रविवारी जेवायला ये."

सर्व्हिसिंगवाल्याने गाडी पुसताना खटका मध्ये सरकवला होता, एवढंच. तेव्हा पहिली तपासणी हीच. दुसरी चावीची. बऱ्याच गाड्यांत चावी किमान अ‍ॅक्सेसरीवर (इंजिन चालू करण्याआधीचा टप्पा) असल्याशिवाय मिरर हलत नाहीत. तिसरी बॅटरीची. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. इंजिन चालू केल्यावर मिरर हलत असेल आणि बंद असताना रेंगाळत असेल, तर मिररला दोष देऊ नका.

आता कान लावा

गाडी शांत जागी उभी करा. गाणी बंद, एसी बंद, पंखा बंद. एकाला बटण दाबायला बसवा आणि तुम्ही बाहेर मिररजवळ कान न्या. चारही दिशा, दोन्ही बाजू, मग मिटणं-उघडणं. जे दिसेल आणि ऐकू येईल ते कागदावर लिहा. लक्षात राहील असं वाटतं, पण दहा मिनिटांनी उजवा की डावा यातच गोंधळ होतो.

मोटरचा आवाज येतोय पण काच जागची हलत नाही, तर वायरिंग ठीक आहे. बिघाड यांत्रिक आहे: काचेच्या मागची क्लिप तुटली असेल किंवा डब्यातले प्लास्टिकचे दाते झिजले असतील. काच शेवटच्या टोकाला गेल्यावर येणारी टकटक मात्र बिघाड नव्हे. आतला क्लच घसरून मोटरला वाचवत असतो.

काच वर जाते पण खाली येत नाही, अशी तक्रार असेल तर मिररला हात लावू नका. वर जाते याचा अर्थ मोटर चांगली आणि तिच्या दोन्ही ताराही चांगल्या, कारण खाली यायलाही त्याच तारा वापरल्या जातात. काच आधीच खालच्या टोकाला टेकलेली नाही ना, एवढं पाहून घ्या. नसेल, तर दोष जवळपास नक्की बटणात. माझ्या ओळखीच्या एकाने अशा तक्रारीवर नवा मिरर बसवून घेतला होता. तोही वरच जायचा.

वर-खाली पूर्ण बंद आणि आत-बाहेर व्यवस्थित, तर ती एक मोटर, तिची एक तार किंवा बटणाचा तेवढा संपर्क, यापैकी काहीतरी. एका बाजूचं सगळंच बंद आणि दुसरी बाजू ठणठणीत, तर फ्यूज पाहण्यात वेळ घालवू नका, फ्यूज बहुधा दोघांचा एकच असतो. कपलर किंवा तार बघा.

एक गमतीशीर खूणही सांगतो. वरचं बटण दाबल्यावर काच वर न जाता तिरकी, तीही हळूहळू सरकत असेल, तर कॉमन तार तुटल्याचा संशय घ्या. परतीची वाट बंद झाल्यावर काही गाड्यांत करंट एका मोटरमधून दुसरीत शिरतो, आणि दोघी अर्ध्या ताकदीने एकदम फिरतात. पाहणाऱ्याला वाटतं मिररला वेड लागलंय.

दोन्ही बाजू बंद: फ्यूज

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात नकाशा असतो. 'मिरर' नावाचा फ्यूज सापडला तर उत्तम. नाही सापडला तर 'अ‍ॅक्सेसरी' बघा. कितीतरी गाड्यांत मिरर, म्युझिक सिस्टीम आणि बारा व्होल्टचा सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. म्हणून आधी मोबाइल चार्जर लावून पाहा. तोही मेलेला असेल तर शोध तिथेच संपतो. स्वस्तातला चार्जर किंवा सॉकेटवर चालणारा हवा भरायचा पंप हे असा फ्यूज उडवण्याचं नेहमीचं कारण.

फ्यूज डोळ्यांनी चांगला दिसतो म्हणून चांगला समजू नका. मीटर (म्हणजे मल्टिमीटर) कंटिन्युइटीवर, म्हणजे वाट अखंड आहे का हे सांगणाऱ्या खुणेवर, ठेवून फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावा, बीप वाजली पाहिजे. बदलताना रंग तोच ठेवा: ७.५ अँपिअरचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. दहाचा उडतोय म्हणून वीसचा लावणं हा उपाय नाही. त्याने फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर कुठेतरी तार उघडी पडून पत्र्याला टेकतेय. तिचा शोध पुढच्या भागात.

दाराच्या फटीतला रबर

निदानातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

दार उघडून बिजागरीच्या बाजूला पाहा. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये घडीघडीची रबरी नळी दिसेल. दारातल्या सगळ्या तारा तिच्यातून जातात. दार जितक्या वेळा उघडतं-मिटतं तितक्या वेळा त्या वाकतात. चालकाचं दार सर्वांत जास्त वापरलं जातं, म्हणून तिथल्या तारा आधी तुटतात.

आमच्या गाडीचा उजवा मिरर एका जुलैत बंद पडला. एका वर्कशॉपने पूर्ण मिररचा खर्च सांगितला. घरी आल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहज म्हणून दार अर्धवट उघडं ठेवून बटण दाबलं, तर काच हलली. दार लावलं, बंद. पुन्हा अर्धं उघडलं, चालू. त्यापुढे शंका उरलीच नाही.

रबराचं टोक खांबाच्या बाजूने बोटांनी दुमडत काढलं. आतल्या काळ्या टेपची गुंडाळी चिकट झाली होती, ती सोलली. एका तारेचं आवरण उघडउघड चिरलेलं होतं, ती लगेच दिसली. पण खरी दोषी शेजारची होती, आणि ती वरून अगदी धडधाकट दिसत होती. एकेक तार दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकी ओढत गेलो. चांगली तार ताठ राहते. ही मात्र केसांच्या रबरासारखी ताणली गेली, कारण आतलं तांबं तुटून नुसतं प्लास्टिक शिल्लक होतं. ही ओढून पाहायची युक्ती मीटरपेक्षा जलद आहे.

जोड देताना एक चूक बहुतेक जण करतात. तार जिथे तुटली तिथेच डाग देऊन मोकळे होतात. सोल्डर केलेला भाग कडक होतो आणि वाकण्याच्या जागी असला की त्याच्या काठावर तार परत तुटते. त्यापेक्षा त्याच जाडीची मऊ, बारीक धाग्यांची तार घ्या आणि तुटका भाग कापून मध्ये लांब तुकडा घाला. एक जोड दाराच्या आत आणि दुसरा खांबाच्या आत येईल असं बघा, म्हणजे रबरात अखंड तार राहते. जोडांवर हीट श्रिंकची स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. दोन-तीन तारा जोडायच्या असतील तर जोड एकाच रांगेत न ठेवता मागेपुढे ठेवा, नाहीतर रबरात गाठ होते. हे काम करताना बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवायचं, ते मी सुरुवातीला विसरलो होतो आणि एक फ्यूज घालवला.

आणखी एक गोष्ट. मिररचं बटण चालकाच्या दारावर असेल, तर डाव्या मिररच्या ताराही त्याच उजव्या दारातून बाहेर पडून डॅशबोर्डमागून डावीकडे जातात. म्हणजे डावा मिरर बंद असला तरी तुटलेली तार उजव्या दाराच्या रबरात असू शकते. बटण डॅशबोर्डवर असेल तर हा प्रश्न येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे लोक डावं दार उघडून दिवस घालवतात.

कपलरपर्यंत पोचणं

मिररच्या आतल्या बाजूला, काचेच्या कोपऱ्यात एक त्रिकोणी प्लास्टिकचं झाकण असतं. कितीतरी गाड्यांत तेवढं काढलं की मिररचे बोल्ट दिसतात, आणि कधी कपलरही तिथेच हाताला लागतो. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा. क्लिप थंडीत कडक होऊन तुटतात, म्हणून जानेवारीतल्या सकाळी गाडी थोडी उन्हात उभी करून मग हात घाला.

कपलर खाली असेल तर डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढावं लागतं. हँडलच्या वाटीत आणि आर्मरेस्टखाली लपलेले स्क्रू असतात, ते आधी शोधा. एकही राहिला आणि पॅड ओढलं की कडा चिरते. मायनस टर्मिनल काढून ठेवा. दारात पिवळा कपलर किंवा पिवळं आवरण दिसलं तर ते एअरबॅगचं वायरिंग समजा. त्याला मीटर लावायचा नाही, सोडवायचंही नाही.

मीटरने मोजताना अर्थातच बॅटरी पुन्हा जोडावी लागेल. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, कपलर सोडवा आणि गाडीकडून येणाऱ्या अर्ध्यात मोजा. बटण वर दाबल्यावर एका जोडीत +१२ च्या आसपास आणि खाली दाबल्यावर त्याच जोडीत -१२ दिसलं, तर ती वर-खालीची जोडी. चिन्ह बदललं म्हणजे बटण आपलं काम करतंय. एकाच दिशेला आकडा येत असेल तर मगाशी म्हटलं तसं बटण उघडा.

इथे एक फसगत होते. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतो, कारण मीटरला करंट लागतच नाही. मोटर जोडली की तोच आकडा तीन-चारवर कोसळतो. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, तारांच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून, बटण दाबत पुन्हा मोजा. जोडलेल्या अवस्थेतही बाराच्या जवळ येतोय आणि मोटर गप्प आहे, तर दोष मिररमध्ये. आकडा कोसळतोय, तर बहुतेक वेळा दोष वाटेत.

कपलरच्या पिना नुसत्या पाहिल्या तरी खूप कळतं. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांच्या पिना हिरव्या पडलेल्या मी पाहिल्यात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, वाळू द्या. सँडपेपरने घासलं तर वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

नऊ व्होल्टचा सेल

मिररच आजारी आहे की नाही हे ठरवण्याची माझी आवडती रीत. रेडिओत किंवा वायरलेस माइकमध्ये घालतात तो चौकोनी नऊ व्होल्टचा सेल घ्या. मीटर आणि हा सेल दोन्ही पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत होतात.

कपलर सोडवून आता मिररकडच्या अर्ध्यावर काम करायचं. कोणत्या तीन पिना मोटरींच्या हे वायरिंगच्या नकाशात नसेल तर मीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजण्याच्या खुणेवर) ठेवून शोधा. समजा तीन पिना क, ख, ग. क-ग मध्ये २० ओहम, ख-ग मध्ये २० आणि क-ख मध्ये ४० आले, तर ग ही कॉमन. क आणि ख मध्ये दोन्ही मोटरी ओळीने येतात म्हणून बेरीज दिसते. आकडे गाडीगणिक वेगळे येतील, बेरजेचा हिशेब तोच. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल तर ती मोटर आतून तुटलेली.

मग सेलची दोन टोकं क आणि ग ला क्षणभर टेकवा. काच हलली पाहिजे. टोकं उलटी केली की उलट हलली पाहिजे. हलली, तर मिरर निर्दोष, आणि तुमचे काही हजार रुपये वाचले. इंडिकेटरच्या आणि कॅमेऱ्याच्या पिनांना सेल लावू नका. मिटवणाऱ्या मोटरला जास्त करंट लागतो, या सेलने ती बहुतेकदा नुसती हुंकार देते, त्यावरून ती गेली असा निष्कर्ष काढू नका.

नव्या, महागड्या गाड्यांत मात्र बटण स्वतः करंट देत नाही, नुसता निरोप देतं, आणि दारातलं मोड्यूल (छोटा इलेक्ट्रॉनिक डबा) मोटर चालवतं. तिथे बटणावर मीटर लावून काही हाती लागत नाही. मिररचा कपलर सेलने तपासा, मिरर चांगला निघाला की स्कॅनरवाल्याकडे (गाडीला तपासणीचं यंत्र जोडून बिघाड वाचणाऱ्याकडे) जा. टेस्ट लॅम्पही (करंट आहे का दाखवणारा टोचणीचा दिवा) तिथे टोचत बसू नका.

काच काढणं

डबा बदलायचा असेल तर काच काढावी लागते. हातमोजे घाला आणि काचेवर रंगाऱ्याची कागदी टेप आडवी-उभी चिकटवा, फुटली तरी तुकडे उडत नाहीत. काचेची आतली कड पूर्ण आत ढकला, बाहेरच्या कडेमागे बोटं घाला आणि सरळ स्वतःकडे ओढा. क्लिप सुटल्याचा आवाज भीतीदायक असतो, तसा तो असतोच. मागे काच तापवणाऱ्या तारा असतील तर झटका देऊ नका.

बसवताना तळहाताखाली कापडाची घडी ठेवून बरोबर मध्यावर दाबा. खट असा आवाज आला की बसली. कडेवर दाबलं की काच जाते.

नुसती काच विकत घेताना डावी की उजवी हे सांगा आणि जुनी सोबत न्या. वरून चिकटवायच्या सपाट काचेच्या नादी लागू नका. मूळची काच बाहेरगोल असेल तर सपाट काचेत बाजूची गल्ली दिसतच नाही.

मिटणं-उघडणं

काच हलते पण मिरर मिटत नाही, यामागे पुष्कळदा माणूसच असतो. अरुंद बोळात कुणीतरी हाताने मिरर ढकलतो, किंवा स्कूटरवाला धक्का देऊन जातो. आतले दाते आपली जागा सोडतात आणि मिरर सैल लोंबतो. अशा वेळी हाताने बसवत बसू नका. बटणाने पूर्ण मिटवा, मग पूर्ण उघडा. टक आवाज येऊन तो जागेवर येतो. एकदा जमलं नाही तर दोन-तीनदा करून पाहा.

मोटर फिरतच राहते, मिरर हलत नाही आणि कर्र आवाज येतो, तर दाते गेले. काही मॉडेलचे सुटे गिअर बाजारात मिळतात. कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत चौकशी करा, पण तुटका गिअर खिशात घेऊन, कारण दात मोजूनच जोडी जमते. गाडी लॉक केल्यावर मिरर आपोआप मिटण्यासाठी बाहेरून मोड्यूल बसवून घेतलं असेल तर तपासणीची सुरुवात तिथून करा. ते काढून मूळ कपलर थेट जोडा. माझ्या पाहण्यात अशा तक्रारींपैकी निम्म्या तिथेच संपतात.

पॅड लावण्याआधी

सगळं जोडलं की डोअर पॅड लगेच दाबून बसवू नका. चावी फिरवा आणि दार उघडं, अर्धवट आणि बंद अशा तिन्ही अवस्थांत चारही दिशा पाहा, मग मिटणं, मग इंडिकेटर. खिडकी वर-खाली करा, कारण नवी जोडलेली तार काचेच्या रुळाच्या वाटेत येऊ शकते. पॅडच्या आतला प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर तो नीट चिकटवा. दाराच्या आत उतरणारं पावसाचं पाणी तोच थोपवतो. तो उघडा राहिला की पहिल्याच जोरदार पावसात पायाखालचं मॅटिंग भिजतं, आणि वास आल्यावर मग दुसरीच शोधाशोध सुरू होते.